विजेचा धक्का आणि निखळलेला खांदा

सोलापूर जिल्ह्यातील ऊस, डाळिंब व द्राक्षे या पिकांचे ओलीत पुष्कळ ठिकाणी विहिरींवरील विजेच्या पंपांवर चालते. ओल्या जमिनीवर उभे राहून स्टार्टरच्या पेटीला हात लावल्यास विजेचा धक्का बसण्याचा संभव असतो. अशा धक्क्यातून माणूस बचावला आणि अंगावर भाजल्याची खूण दिसली नाही, म्हणजे संकट टळले असे घरची मंडळी समजतात. परंतु त्यानंतर खांदा दुखत असेल व हात नीट फिरत नसेल, तर खांदा निखळला असण्याची शक्यता असते.

असे का होते?

विजेचा प्रवाह शरीरातून जाताना स्नायू एकदम जोराने आखडतात. हात आतल्या बाजूस वळविणारे स्नायू बाहेर वळविणाऱ्या स्नायूंपेक्षा बलवान असतात. त्यांच्या ओढीने दंडाच्या हाडाचा गोल माथा खोबणीतून मागे सरकतो; कधी हाडही मोडते. त्यासाठी माणूस पडावाच लागतो असे नाही. क्वचित दोन्ही खांदे निखळतात.

एरवी खांदा बहुधा पुढच्या बाजूस निखळतो. मागे निखळण्याचे प्रमाण शंभरांत सुमारे २ ते ४ इतकेच असल्याने ही दुखापत नजरेतून सुटते. केवळ समोरून काढलेल्या क्ष-किरण चित्रात सांधा जागेवर असल्याचा भास होऊ शकतो. म्हणून काखेतून किंवा बाजूने घेतलेले दुसरे चित्रही आवश्यक असते.

ओळखावे कसे?

रोगी हात छातीशी धरून ठेवतो. कोपर अंगालगत ठेवून काटकोनात वाकविले असता पंजा बाहेरच्या बाजूस नेता येत नाही. हे रोग्याने स्वतःच करून पाहावे. दुसऱ्याने जोर लावू नये.

काय करावे?

१. प्रथम वीजपुरवठा बंद करावा. तोपर्यंत रोग्यास स्पर्श करू नये. उच्च दाबाची तार असल्यास दूरच राहून वीज कंपनीस कळवावे.

२. श्वास व शुद्धी पाहावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. धक्क्याचा हृदयावरही परिणाम होत असल्याने हृदयाची तपासणी करून घ्यावी.

३. उपरण्याची झोळी करून हात गळ्यात अडकवावा. हात ओढणे, चोळणे किंवा झटका देऊन सांधा बसविणे कटाक्षाने टाळावे. त्यामुळे मोडलेले हाड सरकण्याचा धोका असतो.

४. “विजेचा धक्का बसला होता” हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. सोलापूर शहरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे.

निखळलेला खांदा लवकर ध्यानात आल्यास तो पुष्कळदा भूल देऊन, शस्त्रक्रियेवाचून जागेवर बसविता येतो. काही आठवडे लोटल्यावर मात्र शस्त्रक्रियेची गरज पडण्याचा संभव वाढतो व हात कायमचा अधू राहू शकतो. सांधा बसल्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने व्यायाम न केल्यास तो आखडतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पंपाचे भू-जोडणीचे काम व कोरडी उभी राहण्याची जागा यांविषयी शेतकऱ्यांना सांगताना खांद्याच्या या दुखापतीचीही माहिती अवश्य द्यावी. शेतकऱ्याचा सारा संसार त्याच्या दोन हातांवर उभा असतो.