माध्यम कोणी ठरवायचं?

मूल कोणत्या भाषेत शिकणार, हे आईवडिलांनी ठरवायचं की सरकारनं? १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव-निपाणी परिसर तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेला, तेव्हापासून हा प्रश्न इथल्या मराठी घरात आहे. १९९४ मध्ये कर्नाटक सरकारनं आदेश काढला: पहिली ते चौथी मातृभाषा किंवा कन्नड माध्यमच हवं. वरवर पाहता हा आदेश मराठी शाळांच्या सोयीचाच. तरीही ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं तो विनाअनुदानित शाळांवर लादता येत नाही असं ठरवलं आणि मुलाची मातृभाषा कोणती, हे सांगण्याचा अधिकार पालकांना दिला, हे मला योग्यच वाटतं. आज मराठीची सक्ती करू शकणारं सरकार उद्या मराठी काढूनही घेऊ शकतं.

पालक इंग्रजीच्या मोहापायी चुकतात, हा आक्षेप खरा आहे. पहिलीतल्या मुलाला घरच्या भाषेत अधिक समजतं, याबद्दल शिक्षणतज्ज्ञांत फारसा वाद नाही. पण त्यावर उपाय बंदी नव्हे, चांगली मराठी शाळा हा आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं, यासाठी पुरेशा सोयी करायला संविधानाचं कलम ३५०अ राज्याला सांगतं. कन्नड शिकवण्याचा आग्रह मात्र रास्त आहे; या राज्यात राहायचं तर ती यायलाच हवी. भाषा शिकवणं वेगळं, माध्यम लादणं वेगळं. पण माध्यम निवडता आलं तरी शिक्षक नसलेल्या मराठी वर्गात पालकांचा हा हक्क कागदावरच राहतो. म्हणून मराठी पालकांनी सरकारी शाळेच्या एसडीएमसीत, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीत जावं, बैठकीला बसावं आणि शिक्षकांच्या रिकाम्या जागांचा हिशेब लेखी मागावा.