आंब्याचे संकेतस्थळ गिऱ्हाइकास कसे सापडेल?

कोकणातील हापूस आंब्याची विक्री पूर्वापार दलालाच्या पेढीवरून होत आली. पेटी बाजारात पोहोचल्यावर तिचा भाव ठरावयाचा आणि अडत, हमाली व वाहतूक वजा जाता उरेल ती रक्कम बागायतदाराच्या हाती पडावयाची. अलीकडे रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील अनेक बागायतदारांनी स्वतःचे संकेतस्थळ काढून पुण्यामुंबईच्या गिऱ्हाइकास थेट पेटी पाठविण्यास प्रारंभ केला आहे. हा उपक्रम स्तुत्य होय. तथापि संकेतस्थळ तयार झाले, त्यावर मोहोरलेल्या कलमांची छायाचित्रे चढली, म्हणजे मागणी आपोआप येईल, ही समजूत बरोबर नाही. नवे गिऱ्हाईक बहुधा गूगलसारख्या शोधयंत्रात ‘देवगड हापूस’ असे लिहिते आणि आरंभी दिसणाऱ्या दोनचार नावांतूनच एकाची निवड करते. तेथे ज्याचे नाव नाही, त्याचे संकेतस्थळ आडरानातील दुकानासारखे होय. हापूसचा मुख्य हंगाम मार्च ते मे असा जेमतेम तीन महिन्यांचा. तेवढ्या अवधीत मागणी आली नाही, तर तयार फळ थांबत नाही; ते पुन्हा दलालाच्याच पेढीवर पाठवावे लागते.

शोधयंत्राचे काम कसे चालते हे प्रथम समजून घेतले पाहिजे. गिऱ्हाइकाने प्रश्न विचारला, की शोधयंत्र त्या क्षणी जगभरची संकेतस्थळे धुंडाळीत नाही. त्याचे स्वयंचलित फिरते एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर आधीच जात असतात, वाचलेल्या मजकुराची सूची करतात, आणि उत्तर देतेवेळी त्या सूचीतून योग्य पाने निवडून क्रमाने मांडली जातात. म्हणून जे पान सूचीतच गेले नाही, ते कितीही चांगले असले तरी दिसावयाचे नाही. आपली पाने सूचीत आहेत किंवा नाहीत हे पाहण्याची रीत सोपी आहे. शोधपेटीत रोमन लिपीत ‘साइट’ हा शब्द लिहावा, त्यास लागून विसर्गासारखी दोन टिंबे द्यावीत आणि जागा न सोडता आपल्या संकेतस्थळाचा पत्ता लिहावा. सूचीत असलेली पाने समोर येतात. एकही पान न आल्यास गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या विनामूल्य सुविधेत संकेतस्थळाची नोंद करून कारण शोधावे. पुष्कळदा कारण अगदी क्षुल्लक निघते. संकेतस्थळ अर्धवट असताना ते कोणास दिसू नये म्हणून बांधणाऱ्याने शोधयंत्रास मनाई करणारी खूण घातलेली असते, आणि काम पुरे झाल्यावर ती काढण्याचे राहून जाते. असे कुलूप वर्षभर तसेच राहिले, तरी ते मालकाच्या ध्यानात येत नाही. कारण त्याच्या स्वतःच्या पडद्यावर सर्व काही ठीक दिसत असते.

मराठी संकेतस्थळांत आणखी एक दोष आढळतो, त्याचा येथे विस्ताराने विचार करणे जरूर आहे. भाव, पेटीचा आकार, दूरध्वनी क्रमांक हे सारे एका रंगीत जाहिरातपत्रकावर छापून त्याचे चित्र पानावर चिकटविण्याची प्रथा आहे. माणूस ते वाचू शकतो. शोधयंत्राच्या दृष्टीने ते मुख्यतः चित्रच असते आणि त्यातील अक्षरांवर विसंबून राहता येत नाही. काही ठिकाणी मजकूर छापखान्याच्या जुन्या टंकांतून जसाच्या तसा उचलला जातो. अशा टंकात पडद्यावर ‘हापूस’ दिसते खरे, पण आत साठविलेली अक्षरे रोमन असतात आणि त्यांचा एकत्रित अर्थ काहीही होत नाही. ‘हापूस’ शोधणाऱ्यास ते पान सापडणे अशक्य होय. यास्तव सर्व मजकूर युनिकोड देवनागरीतच लिहावा. पारख करावयाची असल्यास पानावरील एक ओळ उचलून मोबाईलवरील निरोपात चिकटवावी. ती मराठीत न उमटता रोमन अक्षरांचा गोंधळ उमटला, तर टंक जुना आहे असे समजावे. छायाचित्रे जरूर द्यावीत, परंतु प्रत्येकाच्या मागे ते कशाचे आहे हे सांगणारी एक साधी ओळ लिहिण्याची सोय असते, तिचा उपयोग करावा.

आता मजकुराविषयी. बागायतदार आपल्या पानास ‘मुखपृष्ठ’ असे शीर्षक देतो आणि खाली ‘उत्तम प्रतीचा माल, वाजवी भाव’ असे लिहितो. हे शब्द शोधपेटीत कोणीही लिहीत नाही. ‘देवगड हापूस, पाच डझनाची पेटी, बागेतून थेट पुण्यास’ असे शीर्षक असेल, तर गिऱ्हाइकाचे शब्द आणि पानाचे शब्द जुळतात. शोधनिकालात ठळक ओळ बहुधा या शीर्षकावरूनच घेतली जाते, म्हणून प्रत्येक पानाचे शीर्षक वेगळे असावे. मराठी गिऱ्हाईक ‘हापूस’ म्हणते, परप्रांतीय व परदेशस्थ ‘आल्फान्सो’ म्हणतात, आणि देवगडचे रोमन स्पेलिंग दोन तऱ्हांनी केले जाते. मराठी व इंग्रजी अशी दोन स्वतंत्र पाने ठेवल्यास दोन्ही प्रकारच्या गिऱ्हाइकांची सोय होते. मात्र तेच शब्द दहा-वीस वेळा घुसडू नयेत. पानाच्या आतल्या भागात कळीच्या शब्दांची यादी लपवून ठेवण्याची जुनी युक्ती आजही काहीजण पैसे घेऊन करून देतात; तिचा क्रमवारीसाठी आपण उपयोग करीत नाही, असे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे.

लिहावयाचे काय, हा प्रश्न बागायतदारास पडू नये. कारण मध्यस्थास जे लिहिता येणार नाही ते त्याच्यापाशी आहे. कच्ची पेटी घरी आल्यावर पेंढ्यात आढी कशी लावावी, ती किती दिवसांनी उघडावी, साका म्हणजे काय आणि तो बाहेरून का ओळखू येत नाही, कार्बाईडने पिकविण्यास कायद्याने बंदी असता फळ कसे पिकविले जाते, झेल्याने देठासह उतरविलेले फळ अधिक का टिकते, हे प्रश्न गिऱ्हाईक खरोखर विचारते. दूरध्वनीवर दरवर्षी जे प्रश्न येतात ते वहीत टिपून त्यांची उत्तरे पानावर लिहिली, तरी उत्तम मजकूर तयार होतो. दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलेल्या मजकुराचा उपयोग नाही. अशी पोकळ व उसनी पाने मागे पडावीत म्हणून गूगलने २०११ मध्ये आपल्या क्रमवारीच्या रीतीत मोठा बदल केला.

२०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली. ज्यांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केली आहे, त्यांनी आपला नोंदणी क्रमांक, गाव व बागेची माहिती पानावर स्पष्ट द्यावी. शोधयंत्र आंब्याची चव घेऊ शकत नाही. परजिल्ह्यातील वा परराज्यातील फळावर ‘देवगड’ असे लिहिणाऱ्याचे पानही ते दाखविते. खऱ्याखोट्याची निवड अखेर गिऱ्हाईकच करते आणि त्यास पुरावा हवा असतो.

हंगामी मालाच्या बाबतीत सर्वांत मोठे नुकसान होते ते पान पुसून टाकल्याने. जूनमध्ये आंबा संपला, की बरेचजण विक्रीचे पान काढून टाकतात आणि पुढील वर्षी नव्या पत्त्यावर नवे पान उघडतात. एखादे पान शोधयंत्राच्या परिचयाचे होण्यास काळ लागतो. मजकुरातील बदलाचा परिणाम कधी काही तासांत दिसतो, कधी त्यास कित्येक महिने लागतात. दरसाल पत्ता बदलणे म्हणजे धरू लागलेले कलम उपटून शेजारच्या खड्ड्यात लावणे. पत्त्यात साल घालू नये. तेच पान बारा महिने राहू द्यावे. हंगाम संपल्यावर ‘या वर्षीची विक्री पूर्ण झाली, पुढील पेट्या मार्चमध्ये’ असे लिहावे आणि गिऱ्हाइकाचा क्रमांक नोंदवून घ्यावा. पत्ता बदलणे भागच पडले, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे वळण देण्यास बांधणाऱ्यास सांगावे. लिखाणाची मुख्य कामे पावसाळ्यात उरकावीत. फेब्रुवारीत घाईने लिहिलेल्या पानाचा लाभ त्याच हंगामात मिळेल, असा भरवसा धरता येत नाही.

लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल कंपनी स्थापन केली. एका पानाने दुसऱ्यास दिलेला दुवा म्हणजे त्याच्या बाजूने दिलेले एक प्रकारचे मत, ही त्यांच्या शोधयंत्राची मूळ कल्पना होती. आज इतरही पुष्कळ गोष्टी पाहिल्या जातात, परंतु दुव्याचे महत्त्व गेलेले नाही. तालुक्याचा बागायतदार संघ, पेटी घेणारे मिठाईवाले, बागेत मुक्कामाला येणारे पाहुणे यांनी आपल्या लिखाणात दिलेला दुवा मोलाचा. विकत घेतलेले दुवे नियमाविरुद्ध असून त्यांमुळे पान मागे पडू शकते. गूगलच्या नकाशावर व्यवसायाची नोंद विनामूल्य करता येते, तीही करावी. नाव, पत्ता व क्रमांक दोन्ही ठिकाणी एकसारखे असावेत.

शोधयंत्र आता पानाचे मोबाईलवरील रूपच प्रमाण मानते, सबब छायाचित्रे हलकी करून चढवावीत.

‘महिन्याभरात पहिला क्रमांक मिळवून देतो’ असे सांगत फिरणाऱ्यांपासून सावध राहावे. अशी हमी कोणासही देता येत नाही, असे गूगल स्वतःच सांगते. जाहिरातीची जागा पैसे देऊन मिळते आणि तिच्यावर तशी खूण असते. खालच्या नैसर्गिक क्रमवारीतील जागा विकली जात नाही. काम कोणाकडे सोपविलेच, तर संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी बागायतदाराच्या स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाईल क्रमांकावर आहे ना, हे पहिला हप्ता देण्यापूर्वी पाहून घ्यावे. ही नोंदणी ठराविक मुदतीची असते व मुदत संपण्याआधी तिचे नूतनीकरण करावे लागते. ती तारीख खते-औषधांच्या वहीतच लिहून ठेवावी.