वैमानिकाचे हजार तास

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

वर्षाचे एकूण तास होतात ८,७६०. त्यांपैकी प्रवासी विमान कंपनीच्या वैमानिकाने जास्तीत जास्त १,००० तास विमान चालवावे, असा आपल्या देशातील नियम आहे. भागाकार केला तर रोजचे पावणेतीन तासही भरत नाहीत. हा हिशेब आमच्याकडे पारावरच्या मंडळींना सांगितला, तर ती विचारतील, ‘मग बाकीचा दिवस हा गडी करतो काय?’ प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याचे उत्तर शोधू लागलो तेव्हा विमानापेक्षा माणसाविषयीच अधिक कळत गेले, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम, हे तास कोणते ते पाहू. विमान उड्डाणासाठी जागचे हलले की मोजणी सुरू होते आणि मुक्कामी येऊन थांबले की बंद होते. हा झाला उड्डाणकाळ. परंतु वैमानिकाला त्याच्या बऱ्याच आधी हजर व्हावे लागते. हवामानाचे अहवाल वाचणे, इंधन किती घ्यायचे ते ठरवणे, विमानाची पाहणी करणे, दोन फेऱ्यांच्या मधे विमानतळावर ताटकळणे, हे सारे कामात मोडते, उड्डाणात नव्हे. युरोपातील नियमांप्रमाणे २८ दिवसांत उड्डाण १०० तासांपर्यंत आणि एकूण काम १९० तासांपर्यंत करता येते. म्हणजे उड्डाणाच्या एका तासामागे जवळजवळ आणखी एक तास कामाचा असू शकतो, हे नियम करणाऱ्यांनीच गृहीत धरले आहे.

दुसरा प्रश्न असा, की रोजची मर्यादा असताना पुन्हा वर्षाची कशाला? आपल्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने सलग सात दिवसांत ३५ तासांची मर्यादा घातली आहे. समजा, एखादा वैमानिक दर आठवड्याला पुरेपूर ३५ तास उडत राहिला. त्याने आठवड्याचा नियम एकदाही मोडला नाही, तरी त्याचे वर्षाचे हजार तास एकोणतिसाव्या आठवड्यातच संपतील. याचा अर्थ स्पष्ट आहे. एखादा आठवडा ओढून नेणे माणसाला जमते. वर्षभर प्रत्येक आठवडा तसा ओढणे जमत नाही. एका रात्रीचे जागरण दुसऱ्या रात्री भरून निघेल, पण रोज थोडी थोडी राहिलेली झोप सावकाराच्या व्याजासारखी साठत जाते. रोजची मर्यादा आजच्या थकव्यासाठी असते. वर्षाची मर्यादा या साठलेल्या थकव्यासाठी.

आता वर्ष म्हणजे तरी कोणते? इथे नियमातील खरी मेख आहे. जानेवारी ते डिसेंबर असे वर्ष धरले, तर जुलैपासून डिसेंबरपर्यंत भरपूर उडावे आणि १ जानेवारीला पाटी कोरी करून पुन्हा जूनपर्यंत तसेच उडावे, अशी पळवाट राहते. दोन्ही वर्षांचा हिशेब कागदोपत्री चोख, पण मधल्या बारा महिन्यांत माणूस पिळून निघालेला! म्हणून युरोपात दोन मर्यादा ठेवल्या आहेत : कॅलेंडर वर्षात ९०० तास आणि सलग कोणत्याही बारा महिन्यांत १,०००. अमेरिकेत पूर्वी कॅलेंडर वर्षाचे हजार तास मोजत. जानेवारी २०१४ पासून सलग ३६५ दिवसांचे मोजतात. शरीराला दिनदर्शिकेचे पान उलटल्याचे कळत नाही, ही साधी गोष्ट कायद्याला उमगायला इतका काळ जावा लागला.

ही मर्यादा आली कोठून? ती काही एकदम डॉक्टरांच्या प्रयोगशाळेतून आली नाही. अमेरिकेत १९३४ साली वैमानिक आणि कंपन्या यांच्यातील तंट्यात तेथील राष्ट्रीय कामगार मंडळाने निर्णय दिला आणि महिन्याला ८५ तासांची मर्यादा घातली. १९३८ च्या विमानवाहतूक कायद्याने त्या निर्णयाला आधार दिला. म्हणजे आज आपण जिला सुरक्षिततेचा नियम म्हणतो, ती मर्यादा मुळात श्रमाच्या मोबदल्याच्या भांडणातून पुढे आली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

थकवा हे अपघाताचे कारण आहे असे उघडपणे मान्य व्हायला मात्र पुढे बरीच वर्षे लागली. १८ ऑगस्ट १९९३ रोजी क्युबातील ग्वांतानामो येथे एक मालवाहू विमान उतरताना कोसळले. त्या वेळी मुख्य वैमानिक साडेतेवीस तास जागा होता. सुदैवाने तिघेही कर्मचारी वाचले. अमेरिकेच्या चौकशी मंडळाने वैमानिकांचा थकवा हे संभाव्य कारण म्हणून प्रथमच नोंदले ते या अपघातात. आपल्याकडे २२ मे २०१० च्या पहाटे दुबईहून आलेले विमान मंगळूरच्या धावपट्टीपलीकडे दरीत गेले आणि १६६ पैकी १५८ जण मृत्युमुखी पडले. चुकीच्या रीतीने खाली येत असलेले विमान पुन्हा वर न नेणे, हे चौकशीत मुख्य कारण ठरले. मात्र मुख्य वैमानिक प्रवासात दीड तासाहून अधिक वेळ झोपला होता आणि त्या झोपेचा अंमल त्याच्या निर्णयशक्तीवर राहिला असावा, असेही अहवालात नमूद आहे.

यावरून हजार तासांच्या नियमाची उणीवही कळते. दुपारी बाराचा तास आणि पहाटे तीनचा तास वार्षिक बेरजेत सारखाच धरला जातो, पण शरीराला तो सारखा नसतो. पहाटे दोन ते सहा या वेळेत सावधपणा सर्वांत कमी असतो. म्हणून २०२४ च्या जानेवारीत आपल्याकडे नवे नियम जाहीर झाले : आठवड्याची सलग विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास, रात्र पाचऐवजी सहापर्यंत धरायची आणि रात्रीच्या कामात विमान दोनदाच उतरवायचे. हे नियम २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले. त्या डिसेंबरात देशातील सर्वांत मोठ्या कंपनीला वैमानिक पुरेनात, हजारो उड्डाणे रद्द झाली आणि तिला काही काळ सवलत द्यावी लागली. विमानतळांवर अडकलेल्या प्रवाशांचे हाल झाले हे खरे. पण दीड वर्षाहून अधिक आधी माहीत असलेल्या नियमाला दोष देणे मला पटत नाही. माणसे कमी ठेवून वेळापत्रक भरगच्च करायचे आणि मग विश्रांतीलाच अडचण म्हणायचे, हा न्याय उलटा आहे.

हे मी तळमळीने लिहितो त्याला कारण आहे. माझे वडील मालट्रक चालवतात. पैसे खेपेवर मिळतात. म्हणून झोप म्हणजे बुडालेली खेप. वाहनचालकांसाठी १९६१ साली मोटार वाहतूक कामगार कायदा झाला होता. त्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास सांगितले होते. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागू होता. वडिलांच्या मालकाकडे गाड्या दोन आणि चालकही दोनच! वैमानिकाचा तास नोंदवला जातो, तपासला जातो आणि मर्यादा भरली की त्याला उडताच येत नाही. वडिलांच्या तासांची नोंद फक्त आई ठेवते, तीही दाराकडे कान लावून.

पुष्कळ ठिकाणी वैमानिकाचे उत्पन्नही उडालेल्या तासांवर अवलंबून असते. म्हणजे जास्त तासांचा मोह त्यालाही आहेच. म्हणूनच ‘मी थकलो नाही’ या त्याच्या शब्दावर कायदा विसंबत नाही. थकलेल्या माणसाला आपण किती थकलो हे नीट समजत नाही, हे त्याने ओळखले आहे.

थकवा म्हणजे आळस नव्हे, आणि विश्रांती म्हणजे मालकाने केलेली मेहेरबानी नव्हे. एका क्षेत्रात ही गोष्ट आकड्यांत मांडून पाळता येते, हे हजार तासांच्या नियमाने सिद्ध केले आहे. ती जमिनीवरच्या चाकांनाही लागू व्हावी, एवढीच अपेक्षा. विमानातल्या प्रवाशाचा जीव जितका मोलाचा, तितकाच रात्रीच्या घाटात समोरून येणाऱ्याचाही आहे.