टोपीच्या रिव्हॉल्व्हरची माशी आणि खाच

अमेरिकेतील मिसुरी राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचे गाव आहे. तेथील भर चौकात २१ जुलै १८६५ रोजी दोन माणसे पिस्तुले घेऊन समोरासमोर उभी राहिली. एक जेम्स हिकॉक, जो पुढे ‘वाइल्ड बिल’ या नावाने प्रसिद्धीस आला. दुसरा डेव्हिस टट. तंट्याचे मूळ जुगारातील देणे व त्यापायी अडकवून ठेवलेले एक खिशातील घड्याळ. दोघांमध्ये अंतर सुमारे ७५ यार्ड होते. टटची गोळी चुकली. हिकॉकची त्याच्या छातीत शिरली.

या हकीकतीचे नवल वाटावे असेच आहे. त्या काळच्या रिव्हॉल्व्हरची हुबेहूब प्रतिकृती घेऊन आजचा नेमबाज अवघ्या २५ यार्डांवरून कागदी लक्ष्याच्या मध्यावर नेम धरतो, आणि गोळी कित्येकदा वीतभर वर जाऊन लागते! मग दोष कोणाचा? नळीचा खास नव्हे. हत्यार घट्ट टेकवून त्याच जागी नेम धरून सहा गोळ्या झाडल्या, तर त्या बहुधा एकमेकींच्या जवळपासच लागतात. मात्र भलत्या ठिकाणी. नळी प्रामाणिक आहे, पण तिचे तोंड कोठे वळले आहे हे डोळ्यास खरे सांगणारी खूण नाही, असा याचा अर्थ.

ही खूण दोन अवयवांची असते. नळीच्या टोकावरचा लहानसा उंचवटा ती माशी, आणि नेमबाजाच्या डोळ्याकडील फट ती खाच. १८५१ च्या नमुन्याचे कोल्टचे ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हर पाहावे. त्याची नळी साडेसात इंच लांब, नळीच्या भोकाचे माप ०.३६ इंच. सहा घरांच्या फिरत्या चक्रावरून जाणारी पट्टीच या हत्यारास नाही; नळी केवळ एका पाचरीने आसाला जखडलेली असते. मागची खाच बसवावी कोठे? कोल्टने ती घोड्याच्या नाकावरच कोरली. घोडा पूर्ण ओढला की खाच डोळ्यासमोर येते, चाप दाबताच घोड्याबरोबर खाली जाते. म्हणजे ऐन गोळी सुटण्याच्या क्षणी नेमाचे अर्धे साधन नाहीसे होते. शिवाय घोडा खिळ्यावर किंचित डुलत असेल, तर खाचही त्याबरोबर डुलणार. माशी म्हणजे पितळेचा एक बुटका मणी. म्यानातून उपसताना कोठे अडकू नये, एवढीच काळजी तिच्या घडणीत घेतलेली दिसते.

गोळी वर का जाते, हे या बुटकेपणातच आहे. माशी ठेंगणी असल्यास ती खाचेत दिसावी म्हणून नळीचे तोंड उचलावे लागते. त्यात काळी दारू पेटल्यावर गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंतच धक्क्याने हत्यार उचलू लागते. अशा शस्त्रांचा नेम मुळात ७५ यार्डांच्या आसपास जुळवलेला असे, असे जाणते नेमबाज मानतात. हिकॉकला कदाचित तेच अंतर लाभले असावे.

उपाय सोपा आहे, पण क्रम चुकता कामा नये. प्रथम दारूचे माप व गोळी कायमची ठरवावी. कारण माप बदलले की गोळी लागण्याची जागाही बदलते. पाचर दर वेळी सारखीच खोल बसते की नाही, तेही पाहावे. मग हत्यार टेकवून निदान पाच-सहा गोळ्या झाडाव्यात व त्यांच्या समूहाचा मध्य काढावा. एका गोळीवरून कानस हाती घेणारा मनुष्य हटकून पस्तावतो.

आता थोडे गणित. माशी व खाच यांत १० इंच अंतर आहे असे समजा. लक्ष्य २५ यार्डांवर, म्हणजे ९०० इंचांवर. तेव्हा लक्ष्यावरील ९० इंच म्हणजे माशीवरील एक इंच. गोळ्या वीतभर, म्हणजे ९ इंच वर जात असतील, तर माशी एक दशांश इंच उंच हवी. जुना मणी काढून त्याच भोकात उंच पितळी वा पोलादी खुंटी बसवावी, आणि ती हिशेबापेक्षा मुद्दाम थोडी जास्तच उंच ठेवावी. मग गोळ्या खाली लागतील. दर खेपेस दोन-चार वेळा कानस फिरवून, पुन्हा झाडून पाहत त्या मध्यावर आणाव्यात. घासलेले धातू परत येत नाही, म्हणून ही सावधगिरी.

खाच खोल केली तरी गोळी खाली येते. परंतु घोड्याच्या नाकात फार खोल जाण्यास जागा नसते. तेथे खरा लाभ रुंदीचा. खाच चौकोनी व अंमळ रुंद केली, की माशीच्या दोन्ही बाजूंस उजेडाच्या सारख्या रेघा दिसतात, आणि डोळा त्या रेघा चटकन तोलतो. माशीचा माथाही गोल नसावा, सपाट असावा. चकाकणाऱ्या मण्यावर एका बाजूने ऊन पडले तर उजळलेली बाजूच डोळ्यास मध्य वाटते. म्हणून चांदमारीपूर्वी माशीवर दिव्याची काजळी धरण्याची जुनी रीत आहे, व ती आजही फुकटात साधते.

गोळी डावीकडे जात असेल तर माशीही डावीकडेच सरकवावी. हा नियम प्रथम उलटा वाटतो; खाच मात्र गोळी जेथे न्यायची त्या बाजूस सरकवावयाची. रेमिंग्टनच्या रिव्हॉल्व्हरला चक्रावरून भक्कम पट्टी असते व तिच्यातील चर हीच खाच. ती घोड्याबरोबर हलत नाही. याच पट्टीमुळे काही आधुनिक प्रतिकृतींना स्क्रूने वरखाली होणारी खाच बसवता आली. जुन्या वळणाच्या शस्त्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत टोपीच्या रिव्हॉल्व्हरची नेमबाजी २५ मीटरवर होते. पण प्रतिकृतीने मूळ नमुन्याशी इमान राखावे अशी तेथील अट असल्याने असली नवी खाच चालत नाही. तेथे माशीचीच मशागत करावी लागते.

हे सारे प्रतिकृतींपुरते. १८५१ सालचे अस्सल हत्यार कोणाच्या संग्रही असेल, तर त्याच्या मण्याला कानस लावणे हा शुद्ध अडाणीपणा होय. त्या बुटक्या मण्यात त्या कारागिराचा हेतू जसाच्या तसा राहिलेला असतो. अशा हत्याराने नेम साधायचाच असेल तर लक्ष्याच्या मध्याखाली वीतभर अंतरावर एक काळा ठिपका काढावा आणि नेम त्याच्यावर धरावा.