नंबर लागला, पण गाडी नको!

गरवारे पॉइंटवरून अंबडच्या एमआयडीसीत वळलं की जर्मनी फारशी लांब वाटत नाही. सीमेन्सचा कारखाना इथलाच, आणि सातपूरच्या बॉशला जुने नाशिककर अजूनही ‘मायको’च म्हणतात. ही नावं पश्चिम जर्मनीत वाढलेली. समाजवादी पूर्व जर्मनी 3 ऑक्टोबर 1990 रोजी नकाशावरून गेली. चाळीस वर्षं वेगळ्या चुली, मग एकाएकी एकत्र कुटुंब! त्या घरात काय काय उलथापालथ झाली, ते वाचण्यासारखं आहे.

चेतकची सख्खी बहीण
बजाज चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेली पिढी आजही सिडकोत भेटते. पूर्व जर्मनीत हाच मान ट्राबांट गाडीचा. टू-स्ट्रोक इंजिन, ताकद जेमतेम 26 अश्वशक्ती. बॉडी पत्र्याची नाही, तर कापसाचे टाकाऊ तंतू राळेत दाबून केलेली! नंबर लागायला दहा-बारा वर्षं सहज जात. पोरगं अठराचं झालं की त्याच्या नावावर बुकिंग करून ठेवायचं. जुनी गाडी नव्यापेक्षा महाग, कारण ती आज मिळायची. पश्चिमेतल्या नातेवाइकांनी मार्क मोजले तर गाडी झटपट दारात. आपल्याकडे परकीय चलन भरणाऱ्यालाही स्कूटर अशीच लवकर मिळत असे.

9 नोव्हेंबर 1989 ला बर्लिनची भिंत उघडली आणि जो तो पश्चिमेतल्या सेकंडहँड गाड्यांच्या मागे लागला. इतकी वर्षं वाट पाहिलेल्यांचा नंबर आला, तेव्हा ट्राबांट कुणालाच नको होती. 30 एप्रिल 1991 ला शेवटची गाडी बाहेर पडली. एकूण आकडा तीस लाखांवर.

नोटांचं भुयार
नाशिकरोडच्या नोट प्रेसमुळे नोटांचा विषय आपल्या घरचाच. 1 जुलै 1990 ला पूर्वेचा मार्क संपला. पगार एकास एक दराने बदलला, बचतीला वयाप्रमाणे ठरलेल्या मर्यादेपर्यंतच हा भाव, पुढच्या रकमेला दोनास एक. मग जुन्या नोटांचं काय? सुमारे 3,000 टन नोटा हाल्बरश्टाटजवळच्या भुयारात पुरल्या. 2001 च्या सुमारास चोरांनी तिथे हात मारला आणि संग्राहकांच्या बाजारात 200 आणि 500 मार्कच्या नोटा दिसू लागल्या. या नोटा कधी चलनात आल्याच नव्हत्या! अखेर 2002 मध्ये सारा साठा जाळला.

सुट्ट्या पैशांची गंमत तर निराळीच. नवी चिल्लर पुरेना, म्हणून पूर्वेची हलकी ॲल्युमिनियमची नाणी आणखी वर्षभर चालली. त्यात 20 फेनिगचं नाणं मात्र पितळी होतं, कारण फोनच्या डब्याला वजनदार नाणं लागायचं.

ओर्वोचा रोल
महाराष्ट्रातल्या जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांना ‘ओर्वो’ सांगावं लागत नाही. ही फिल्म पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनची. त्या देशाशी आपला व्यवहार रुपयात, डॉलर लागत नसत, म्हणून ती आपल्याकडे आली. चलन बदललं आणि वोल्फेनचा माल रातोरात महागला. पूर्व युरोपातली जुनी गिऱ्हाइकं पश्चिमेचा मार्क आणणार कुठून?

सरकारी कारखाने विकायला नेमलेल्या ट्रॉयहांड संस्थेकडे सुरुवातीला सुमारे 8,500 उद्योग आणि चाळीस लाखांवर कामगार होते. चार-साडेचार वर्षांत विक्री, कपात, टाळं असा सपाटा लागला. एकीकरणाची घाई समजते, पण हा भाग मला आजही खुपतो. बंद कारखान्याचं गेट पाहिलेल्या अंबड-सातपूरकरांना त्याचं दुःख वेगळं समजवायला नको.

एक युरोत मिग!
ओझरला एचएएलमध्ये मिग-21 बनायची, हे नाशिकच्या पोरासोरांनाही ठाऊक. पूर्व जर्मनीच्या ताफ्यातली 24 मिग-29 विमानं एकीकरणानंतर थेट नाटोतल्या जर्मन हवाई दलात दाखल झाली. पुढे त्यांतली बहुतेक पोलंडला दिली, नावापुरत्या किमतीला, एका विमानाला एक युरो.

पत्ता बदलला, घर तेच
दोन्हीकडे चार आकडी पिनकोड, आणि बरेचसे आकडे सारखेच! मग पूर्वेच्या पत्त्याला ‘ओ’ आणि पश्चिमेच्या पत्त्याला ‘डब्ल्यू’ जोडून टपाल धावलं. 1 जुलै 1993 पासून पाच आकडी कोड आले. अंबडच्या 422010 मागची सहा आकडी पद्धत आपल्याकडे 1972 पासूनच आहे.

पूर्वेची सरशी
सगळं पश्चिमेचंच चाललं, असं नाही. लाल दिवा असताना थांबून, बघून उजवीकडे वळू देणारी हिरव्या बाणाची पाटी पूर्वेची. 1994 मध्ये ती साऱ्या देशाने घेतली. ‘रोटकेप्शन’ या पूर्वेच्या फसफसत्या वाइनने 2002 मध्ये पश्चिमेचा ‘मुम’ ब्रँड विकत घेतला. वाइनच्या गावात राहणाऱ्यांना ही बातमी आवडावी.

आणि सिग्नलवरचा टोपीवाला! वाहतूक मानसशास्त्रज्ञ कार्ल पेग्लाऊ यांनी 1961 मध्ये रेखाटलेला हा गुटगुटीत माणूस एकीकरणानंतर काढून टाकायला घेतला होता. लोक अडून बसले, मोहीम चालवली. तो नुसता वाचला नाही, पश्चिम बर्लिनच्या चौकांतही जाऊन उभा राहिला.