दर्यावर्दी शब्दांची कुळकथा

गेल्या दिवाळींत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. तो आतां स्वतः इंग्रजीचा शिक्षक आहे. बोलतां बोलतां तो मोठ्या अभिमानानें म्हणाला, “गुरुजी, तुम्हीं सांगितलेली ‘पॉश’ शब्दाची गोष्ट मी अजून दरवर्षीं मुलांना सांगतों.” हें ऐकून मला आनंद व्हावयास हवा होता, पण मन खजील झालें. कारण ती गोष्ट खरी नाहीं, हें मला सेवानिवृत्तीनंतर कळलें. आणि तत्पूर्वीं तीस वर्षें मीं ती वर्गांत खरी म्हणून सांगितली होती.

गोष्ट अशी. विलायतेहून आगबोटीनें मुंबईस येणारे धनिक साहेब येतांना बोटीच्या डाव्या अंगाची खोली घेत व परततांना उजव्या अंगाची. कारण त्या त्या वेळीं त्या बाजूस उन्हाचा ताप कमी. त्यांच्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या चार शब्दांचीं आद्याक्षरें उमटवीत, व त्यांवरून ‘पॉश’ म्हणजे झोकदार, हा शब्द झाला. गोष्ट सुटसुटीत आहे, तींत आपली मुंबई आहे, आणि मुलांना ती एकदां ऐकून पाठ होते. उणीव एवढीच, कीं असें शिक्का मारलेलें एकहि तिकीट आजवर कोणास दाखवितां आलेलें नाहीं. शब्द पहिल्या महायुद्धाच्या काळांत छापील लेखनांत रूढ होता. ही कथा मात्र छापलेली आढळते ती १९३५ च्या सुमारास. नातू आधीं जन्मला आणि आजोबा मागाहून, असा हा प्रकार होय!

मग इंग्रजींतील सर्वच दर्यावर्दी व्युत्पत्ति बनावट काय? मुळींच नाहीं. ज्या खऱ्या आहेत, त्या या कथेहून अधिक रोचक आहेत.

आपल्या घरचीं मुलें संगणकावर नित्य ‘लॉग-इन’ करितात. लॉग म्हणजे लांकडाचा ओंडका. शिडाच्या जहाजाचा वेग मोजण्यासाठीं दोरास बांधलेला लांकडाचा तुकडा मागील बाजूनें पाण्यांत टाकीत. तो बहुतेक जागच्या जागीं राही, जहाज पुढें जाई, आणि दोर उलगडत जाई. विल्यम बोर्न याच्या १५७४ च्या नौकानयनविषयक पुस्तकांत ही रीति वर्णिली आहे. पुढें त्या दोरास समान अंतरावर गांठी मारूं लागले. दोन गांठींत ४७ फूट ३ इंच अंतर ठेवून २८ सेकंदांच्या वाळूच्या घटिकेनें मोजलें, तर जितक्या गांठी हातांतून सरकतील, तितके सागरी मैल जहाज तासाला चालतें. सागरी मैल सुमारें ६,०८० फुटांचा. त्रैराशिक मांडून वाचकांनीं स्वतः ताळा पाहावा. म्हणूनच जहाजाचा वेग आजहि ‘नॉट’ म्हणजे गांठ या परिमाणानें सांगतात. ती मोजणी ज्या वहींत टिपीत, ती ‘लॉग-बुक’. पुढें कोणतीहि क्रमवार नोंद लॉग झाली, आणि त्या नोंदींत आपलें नांव दाखल करणें म्हणजे लॉग-इन. ओंडका केव्हांच गेला, शब्द राहिला.

शिडाच्या जहाजाचा सारा संसार वाऱ्याच्या हातीं. आडव्या काठ्यांवरील चौकोनी शिडांत वारा मागून भरे. तो एकाएकीं फिरला, किंवा सुकाणूं धरणाराची नजर चुकली, कीं वारा शिडाच्या समोरील अंगावर आदळून तें डोलकाठीवर दाबी. जहाज चालतां चालतां थबके. प्रसंगीं डोलकाठीहि मोडे. ही स्थिति म्हणजे ‘टेकन अबॅक’. आज मनुष्य अकस्मात् स्तंभित झाला, कीं त्याजविषयीं हेंच शब्द वापरतात. ‘बाय अँड लार्ज’ याचीहि कुळी हीच. वाऱ्यास शक्य तितकें सामोरें जाणें तें ‘बाय’, व वारा पाठीशीं घेऊन जाणें तें ‘लार्ज’. दोन्ही रीतींनीं चालणें म्हणजे सर्व परिस्थितींत चालणें. त्यावरून ‘एकंदरींत पाहतां’ हा अर्थ आला. सॅम्युअल स्टर्मी याच्या १६६९ च्या नाविकग्रंथांत हा प्रयोग सांपडतो.

‘अलूफ’ म्हणजे अलिप्त. त्याच्या मुळाशीं वाऱ्याकडील बाजू दाखविणारा ‘लफ’ हा शब्द आहे. वारा जहाजास किनाऱ्याकडे लोटूं लागला, कीं तोंड वाऱ्याकडे ठेवून किनाऱ्यापासून दूर राहावें लागे. हें दूर राहणें आज सभा-समारंभांतील माणसांस लागूं झालें आहे! ‘स्टारबोर्ड’मध्यें तारा नाहीं, जुन्या इंग्रजींत त्याचा अर्थ सुकाणूंची बाजू, कारण सुकाणूंचें वल्हें उजव्या अंगास असे. त्या वल्ह्यास इजा होऊं नये म्हणून धक्क्याला डावें अंग लावीत, तें ‘पोर्ट’. डाव्या अंगाचें जुनें नांव ‘लार्बोर्ड’. पण गलबल्यांत ‘स्टारबोर्ड’ व ‘लार्बोर्ड’ कानांस सारखेच वाटत. म्हणून ब्रिटिश आरमारानें १८४४ सालीं ‘लार्बोर्ड’ बंद करून ‘पोर्ट’ कायम केला. एका अक्षराच्या घोटाळ्यानें जेथें जहाज बुडावयाचें, तेथें शब्दांची अशी काटेकोर निवड व्हावी, यांत नवल नाहीं.

खऱ्या-खोट्याची पारख कशी करावी? मला दोन प्रश्न पुरेसे वाटतात. पहिला, तो शब्द त्या अर्थानें खलाशांच्या स्वतःच्या लेखनांत आहे काय? विल्यम फाल्कनर याचा १७६९ चा कोश व अ‍ॅडमिरल स्मिथ याचा १८६७ चा कोश, हे या कामीं उत्तम साक्षी आहेत. दुसरा, कथा शब्दाच्या आधींची कीं मागाहूनची? आद्याक्षरें जुळवून शब्द बनविण्याची चाल बहुतांशीं विसाव्या शतकांतील आहे. तेव्हां जुन्या शब्दाची तशी फोड कोणी केली, कीं आधीं शंकाच घ्यावी.

निरुक्तांत यास्काचार्यांनीं एक वाद नोंदविला आहे. शाकटायन व नैरुक्त म्हणतात, सर्व नामें धातूंपासून झालीं. गार्ग्य व कांहीं वैयाकरण म्हणतात, सर्वच नाहींत. शिकत असतांना मला गार्ग्य अरसिक वाटे. आतां वाटतें, कीं प्रत्येक शब्दास कथा जोडण्याचा मोह आवरावयास प्रत्येक घरांत एक गार्ग्य असावा. आपणहि ‘संसाराचें सुकाणूं’ असें सहज म्हणतों. पण सुकाणूं हा शब्द अरबी ‘सुक्कान’पासून आला आणि आरमार हा पोर्तुगीज ‘आर्मादा’पासून. संस्कृताच्या अभिमानानें त्यांस धातु शोधून देऊं लागलों, तर आपणहि ‘पॉश’चीच गोष्ट रचूं.

हें सारें मीं त्या विद्यार्थ्यास सांगितलें. तो क्षणभर गप्प राहिला; मग म्हणाला, “गुरुजी, मुलांना ती गोष्ट फार आवडते. आतां त्यांना काय सांगूं?”

मी म्हणालों, “गोष्ट अवश्य सांग. ती खोटी कशी ठरली, तेंहि सांग. आणि चूक तुझ्या गुरुजींची होती, हें सांगावयास विसरूं नकोस.”