कितव्या घरातलं तिकीट?

१८५१ सालचं अमेरिकेचं तीन सेंटांचं तिकीट भिंगाखाली धरलं की आपल्याला आधी वॉशिंग्टनचा चेहरा दिसतो. जाणकाराची नजर मात्र चौकटीवर जाते. उजवी रेषा कोपऱ्याच्या केसभर पुढे गेली आहे का? डावी मध्येच दुहेरी झाली आहे का? एवढ्यावरून तो सांगतो, हे तिकीट छपाईच्या कोणत्या प्लेटवरच्या कितव्या घरातलं, म्हणजे कितव्या जागेवरचं. संग्राहक या कामाला ‘प्लेटिंग’ म्हणतात. ब्रिटनच्या ‘पेनी ब्लॅक’ तिकिटावर कोपऱ्यांत अक्षरं असत, त्यांवरून निदान घर तरी कळे. अमेरिकेच्या तिकिटांवर तशी काहीच खूण नव्हती.

ही तिकिटं छापणाऱ्या फिलाडेल्फियाच्या टोपन, कार्पेंटर, कॅसिलिअर कंपनीत मूळ चित्र पोलादावर एकदाच कोरलं जाई. ते पोलाद कडक करून त्यावर मऊ पोलादाचा रूळ दाबून फिरवला की रुळावर चित्र उठून येई. मग रूळ कडक करायचा आणि सपाट प्लेटवर दोनशे वेळा दाबायचा, डाव्या भागात शंभर, उजव्या भागात शंभर. सगळी चित्रं हुबेहूब सारखी निघावीत, हाच या खटाटोपाचा हेतू. पण तीन सेंटांच्या तिकिटाच्या चौकटी नीट उमटेनात, म्हणून कारागिरानं त्या प्लेटवर हातानं पुन्हा कोरल्या. कुठे हत्यार पुढे सरकलं, कुठे रेष वाकली. आज ओळख पटते ती त्या हाताच्या खुणांमुळे, आणि मला या तिकिटांचं खरं मोल तिथेच वाटतं.

या खुणा संगतवार लावल्या ब्रुकलिनचे डॉक्टर कॅरोल चेस यांनी. छिद्रं नसलेल्या तीन सेंटी तिकिटांच्या नऊ प्लेटा. त्यांतल्या काही झिजल्यावर पुन्हा दाबून, कोरून वापरलेल्या. अशा एकूण तेरा अवस्था. म्हणजे दोन हजार सहाशे घरं! आधी रंग पाहायचा: सुरुवातीचा नारिंगी तपकिरी असेल, तर तेरांपैकी पाचच अवस्था उरतात. पुढची भिस्त न कापलेल्या जोड्यांवर. एका जोडीत ‘अ’च्या उजवीकडे ‘ब’ दिसतं, दुसऱ्या पाकिटावरच्या जोडीत त्याच ‘ब’च्या उजवीकडे ‘क’; असं शेजाऱ्याला शेजारी जोडत रांग लागते, रांगेला रांग जुळते. हजारो तिकिटं नजरेखालून घालून चेस यांनी हे सारं १९२९ साली ग्रंथरूपात मांडलं.

एक सेंटाच्या निळ्या फ्रँकलिनवर स्टॅनले अ‍ॅशब्रुक यांनी तेवढ्याच चिकाटीनं काम केलं. त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ १९३८चा. संग्राहकांच्या तोंडी असलेलं ‘७आर१ई’ याच तिकिटाचं: पहिल्या प्लेटच्या सुरुवातीच्या अवस्थेतलं, उजव्या भागातलं सातवं घर. वरची आणि खालची नक्षी जवळपास पूर्ण उमटली ती त्या प्लेटवर याच एका घरात. १८५२ साली ती प्लेट पुन्हा दाबून दुरुस्त झाली आणि मूळचं ७आर१ई छापायचं थांबलं. शेजारच्या घरातलं तिकीट आणि हे, पहिल्या नजरेला एकसारखी. किमतीत जमीनअस्मानाचा फरक.

ही तिकिटं कात्रीनं कापून वापरत. कापणाऱ्यानं जरा ऐसपैस कापलं असेल, तर कडेला शेजारच्या तिकिटाची रेष सापडते, आणि अडलेलं घर कधी कधी त्या रेषेवरूनच सुटतं.

आपल्याकडची १८५४ची अर्ध्या आण्याची तिकिटंही बिनछिद्रांचीच, कात्रीनं कापलेली. जुन्या ट्रंकेत, पत्रांच्या गठ्ठ्यात अशी जोडी सापडली तर ती वेगळी करू नका. कडा सारख्या करायला कात्री लावू नका, आणि पाकिटावरून तिकीट सोलून काढू नका. आधी जाणत्या संग्राहकाला दाखवा.